हवाईचा हसरा कोळी: बहुतेकांच्या पाठीवर चेहरा नसतोच

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या गृहस्थांची कन्या हवाईतील माउई बेटावर फिरायला गेली होती. तिथल्या डोंगरउतारावरच्या ओल्या जंगलात, सोनटक्क्यासारख्या दिसणाऱ्या एका झाडाच्या पानामागे तिला तांदळाच्या दाण्याएवढा, फिकट पिवळा, लांब पायांचा कोळी दिसला. सोबतच्या वाटाड्याने तो जगप्रसिद्ध ‘हसरा कोळी’ असल्याचे सांगितले. परंतु त्याच्या पाठीवर हसरा चेहरा तर सोडाच, साधा ठिपकाही नव्हता. वाटाड्या चुकला का, तो चेहरा पक्ष्यांना घाबरवण्यासाठी असतो हे खरे का, हा कोळी विषारी आहे का आणि असा कोळी आपल्या सह्याद्रीत सापडेल का, असे त्यांनी विचारले आहे.

वाटाड्या बहुधा बरोबर होता. कन्येने त्या कोळ्याचे सर्वांत सामान्य, म्हणजे सर्वाधिक आढळणारे रूप पाहिले. छायाचित्रांतून जो लाल-काळा हसरा मुखवटा आपल्या परिचयाचा झाला आहे, तो या जातीच्या थोड्याच कोळ्यांच्या पाठीवर असतो. साधारण तीनांपैकी दोन कोळी कन्येने पाहिला तसे नुसते पिवळे असतात. छायाचित्रकार चेहऱ्याच्या शोधात असतो, पिवळ्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करतो, आणि मग जगाला वाटते की जंगलातले सगळेच कोळी हसत बसले आहेत. विषाविषयी एका वाक्यात सांगतो: बहुतेक सर्व कोळ्यांप्रमाणे यालाही विष आहे, पण ते माशीला लागू पडण्याइतकेच, माणसाला त्यापासून कसलाही अपाय नाही.

माझे स्वतःचे काम सह्याद्रीतल्या कोळ्यांवर आहे आणि त्यातही पानांच्या खालच्या बाजूला राहणाऱ्या लहान कोळ्यांवर. हा हवाईचा कोळी त्याच कुलातला असल्यामुळे त्याच्यावर जे लिहिले गेले ते मी गेली अनेक वर्षे लक्षपूर्वक वाचत आलो आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

या जातीचे शास्त्रीय नाव थेरिडियॉन ग्रॅलॅटर. फ्रेंच कोळीतज्ज्ञ यूजेन सिमाँ यांनी १९०० साली तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. ‘ग्रॅलॅटर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ उंच काठ्यांवर तोल सांभाळत चालणारा. शरीर जेमतेम पाच मिलिमीटर आणि पाय त्या मानाने फारच लांब व बारीक, हे पाहिले की नाव पटते. हवाईयन भाषेत त्याला ‘नानानाना मकाकिई’ म्हणतात. नानानाना म्हणजे कोळी, आणि मकाकिई म्हणजे मुखवटा. सिमाँ यांनी ज्या नमुन्यांवरून काम केले ते दुसऱ्याने बेटांवर गोळा करून मद्यार्कात पाठवलेले होते. आणि ज्याने कोळी मद्यार्कात ठेवून पाहिले आहेत त्याला ठाऊक असते की पिवळा, हिरवा, लाल असे कोवळे रंग बाटलीत फार दिवस टिकत नाहीत. लांब पाय मात्र बाटलीतही लांबच राहतात. नाव चेहऱ्यावरून न पडता पायांवरून पडले यात म्हणून मला फारसे नवल वाटत नाही.

त्याचे कुल थेरिडिइडी. आपल्या घरात माळ्याच्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे जी गुंतवळीसारखी, आकार-उकार नसलेली जळमटे धरतात, त्यांतली बरीचशी याच कुलातल्या कोळ्यांची असतात. कुप्रसिद्ध काळी विधवा कोळीणही याच घराण्यातली. या कुलाच्या कोळ्यांना मागच्या पायांच्या टोकाशी दातेरी केसांची एक रांग असते. तिने ते फणीने विंचरावे तसे चिकट रेशीम ओढून भक्ष्यावर फेकतात आणि त्याला जागीच जखडतात. हवाईच्या कोळ्याने मात्र जाळ्याचा पसारा जवळजवळ सोडूनच दिला आहे. पानाच्या खालच्या अंगाला ताणलेले चार-दोन धागे, एवढेच त्याचे जाळे. दिवसभर तो पानाला चिकटून, पाय पसरून, निपचित पडून असतो. रात्री उठतो, पानाच्या पृष्ठभागातून येणारी कंपने पायांनी टिपतो, आणि पानावर उतरलेल्या लहानशा माशीवर रेशीम टाकतो.

पानाची निवड तो यामुळेच चोखंदळपणे करतो. लव असलेल्या खरखरीत पानावर धागा नीट बसत नाही आणि कंपनेही पायांपर्यंत स्वच्छ पोहोचत नाहीत. लहान पानाखाली पावसापासून आडोसा मिळत नाही. त्याला रुंद, गुळगुळीत पान हवे असते. स्थानिक झाडांपैकी ‘कानावाओ’ हे हायड्रेंजियाच्या कुलातले झुडूप आणि ‘ओहा वाई’ ही त्याची आवडती ठिकाणे. ओहा वाई ही लोबेलियाच्या गोतातली. आपल्या घाटमाथ्यावर पावसाळ्यानंतर पांढऱ्या फुलांचे उंच तुरे काढणारी रानतंबाखू, जिला देवनळ असेही म्हणतात, ती तिची लांबची नातलग. तिसरे झाड मात्र तिथले मूळचे नव्हेच. ते म्हणजे सोनटक्का. कन्येला ‘सोनटक्क्यासारखे’ वाटलेले झाड सोनटक्क्यासारखे नव्हते, तो बहुधा सोनटक्काच होता. आपल्याकडे परसात विहिरीच्या पाटाकडेला लावला जाणारा, श्रावण-भाद्रपदात ज्याच्या सुवासाने संध्याकाळ भरून जाते तोच. तो हवाईत माणसाने नेला, तिथे फुलांच्या माळांमध्ये लोकप्रिय झाला, आणि पुढे जमिनीखालच्या गड्ड्यांच्या जोरावर ओल्या जंगलांत दाट रान करून बसला.

आता चेहऱ्याकडे वळू. कोळ्याचे शरीर दोन भागांचे असते: पुढे डोळे, जबडे आणि पाय धारण करणारे शिरोवक्ष, आणि मागे उदर. खरा चेहरा, आठ डोळ्यांसह, पुढच्या भागावर असतो व तो इतका लहान असतो की भिंगाशिवाय त्याची ओळख पटत नाही. आपण ज्याला चेहरा म्हणतो ती उदराच्या वरच्या बाजूची नक्षी आहे: दोन काळे ठिपके म्हणजे डोळे, लाल कमान म्हणजे ओठ. भिंतीवरच्या ओलीच्या डागात ज्याला गणपती दिसतो, त्याच मेंदूला इथे हसू दिसते. एकाच जंगलात काही कोळ्यांवर नुसती लाल कड असते, काहींवर काळा पट्टा, काहींवर पांढऱ्यावर लाल डाग, तर काहींवर कपाळाला आठ्या घातलेल्या माणसासारखी आकृती. वेगवेगळी रूपे मोजली तर ती विसाच्या वर जातात. त्यांतल्या एक-दोनच रूपांना ‘हसरी’ म्हणता येईल. चेहऱ्याने पक्ष्याला दचकवायचे असते तर तो चेहरा पक्ष्याला दिसेल अशा जागी, आणि निदान बहुसंख्य कोळ्यांवर, असायला हवा होता. हा कोळी दिवसा पानाखाली असतो, आणि साधारण तीनांपैकी दोन कोळ्यांवर नक्षी नसतेच. घाबरवण्याची कल्पना सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

नक्षी कशाची बनते हे समजून घेतले तर पुढचे सोपे जाते. या कोळ्याच्या उदराचे बाह्य आवरण पारदर्शक असते. त्याच्या लगेच खाली रंगद्रव्य असलेल्या पेशींचा थर असतो. त्यातली ओमोक्रोम नावाची रंगद्रव्ये पिवळ्यापासून लाल, तपकिरी, काळ्यापर्यंतच्या छटा देतात. त्याहून खाली ग्वानिन या टाकाऊ पदार्थाचे स्फटिक साठलेले असतात आणि ते प्रकाश परतवून पांढरे दिसतात. म्हणजे पांढऱ्या भिंतीपुढे रंगीत काच धरावी तसा हा प्रकार आहे: कुठे काच आहे, कुठे नाही, आणि कुठे मागची भिंतच नाही, यावर रूप ठरते. साध्या पिवळ्या रूपात बहुतेक सगळे पारभासक असते. म्हणून वरून ऊन पडले आणि आपण खालून पाहिले, तरी त्याची सावली जवळजवळ पडत नाही. पान आणि कोळी एकच होऊन जातात. पानामागे दिवस काढणाऱ्या प्राण्याला याहून चांगला वेष मिळणे कठीण.

या पारदर्शकतेची एक गंमत क्षेत्रकाम करणाऱ्याने विसरू नये. पिवळ्या कोळ्याने भरपेट खाल्ले की आतले अन्न बाहेरून दिसते आणि त्याचा रंग काही दिवस नारिंगी, कधी तपकिरीकडे झुकलेला दिसतो; पचन झाले की तो पुन्हा पिवळा होतो. कोळीतज्ज्ञ रोझमेरी गिलेस्पी यांनी १९८९ साली हे दाखवून दिले. म्हणून आज पाहिलेला नारिंगी कोळी हे वेगळे रूप आहे की जेवून बसलेला पिवळाच आहे, हे एका छायाचित्रावरून सांगणे धाडसाचे ठरते. सह्याद्रीतल्या अशाच पारभासक कोळ्यांच्या बाबतीत माझ्या जुन्या वह्यांमध्ये मी दोन ‘प्रकार’ म्हणून नोंदवलेले काही कोळी पुढे एकच निघाले. तेव्हापासून मी रंगापुढे कंसात ‘खाल्लेला’ किंवा ‘उपाशी’ असे लिहू लागलो.

खाल्ल्याने बदलतो तो पिवळेपणा; नक्षी मात्र जन्माची असते. ती वारशाने कशी येते याचा छडा गिलेस्पी आणि इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाचे जेफ्री ऑक्सफर्ड (आडनावाने एका विद्यापीठाचे, नोकरीने दुसऱ्या) यांनी लावला. १९९० च्या दशकात त्यांनी कोळी प्रयोगशाळेत वाढवून, त्यांच्यात मिलन घडवून, पिल्लांची रूपे मोजली. इवल्याशा पिल्लांना एकेकट्याने नळीत ठेवून, त्यांना रोज फळमाश्या पुरवून, प्रौढ होईपर्यंत जगवणे हे काम किती चिकाटीचे आहे ते वाचताना लक्षात येत नाही, केल्यावर येते.

माउईच्या कोळ्यांमध्ये त्यांना जे आढळले ते शाळेतल्या मेंडेलच्या वाटाण्यांची आठवण करून देणारे होते. सगळी रूपे एकाच जनुकस्थानावर, म्हणजे गुणसूत्रावरच्या एका ठराविक जागेवर, अवलंबून होती. त्या एका स्थानावर येऊ शकणारी जनुकाची अनेक पर्यायी रूपे होती आणि त्यांच्यात एक उतरंड होती: बहुतांशी जास्त रंगद्रव्याची नक्षी कमी रंगद्रव्याच्या नक्षीवर प्रभावी ठरत होती, आणि साधा पिवळा सर्वांत तळाशी, सर्वांपुढे अप्रभावी होता. इथे वाचक हमखास अडखळतो. अप्रभावी असूनही पिवळेच सर्वांत जास्त कसे? ‘प्रभावी’ या शब्दाचा संख्येशी काही संबंध नाही. हिशेब करून पाहू. पिवळे दिसण्यासाठी पिवळ्याच्या दोन्ही प्रती लागतात. शंभरात सुमारे ६७ कोळी पिवळे असतील, तर पिवळ्याच्या जनुकाचे प्रमाण ०.६७ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.८२ येते. उरलेल्या सगळ्या नक्षींची जनुके मिळून १८ टक्के. त्या १८ टक्क्यांतून शंभरातले ३३ कोळी नक्षीदार होतात, आणि त्यांतल्या सुमारे ३० जणांच्या अंगात नक्षीची एक आणि पिवळ्याची एक प्रत असते. म्हणजे नक्षीदार मादीलाही पिवळी पिल्ले होणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि कन्येने पाहिलेल्या पिवळ्याची आई कदाचित हसरी असू शकेल.

खरे आश्चर्य पुढे आहे. मोठे हवाई बेट, म्हणजे ज्वालामुखींचे बेट, माउईच्या आग्नेयेला आहे आणि मध्ये सुमारे ४५ ते ५० किलोमीटर रुंदीची सामुद्रधुनी आहे. त्या बेटावरही हाच कोळी आहे, तशाच रूपांमध्ये आहे, पिवळ्यांचे प्रमाणही तसेच भरते. पण तिथल्या कोळ्यांचे संकर केले तेव्हा माउईचा नियम लागू पडेना. तिथे एका जनुकस्थानाने काम भागत नाही, किमान दोन लागतात. शिवाय लिंगाचा प्रभाव मध्ये येतो, आणि काही बाबतींत तीच जनुकीय ठेवण नरात एक आणि मादीत दुसरे रूप दाखवते. उत्तर तेच, पण गणित सोडवण्याची रीत वेगळी.

याचा अर्थ लावताना बेटांचे वय ध्यानात घ्यावे लागते. हवाईची बेटे एका स्थिर तप्तस्थानावरून सरकणाऱ्या भूपट्टावर एकामागून एक तयार झाली. वायव्येकडचे कवाई सुमारे ५० लाख वर्षांचे, ओआहू सुमारे ३० लाखांचे, मोलोकाई आणि माउई त्याहून तरुण, आणि हवाई बेट तर ५ लाख वर्षांच्या आतले. तिथे लाव्हारस अजूनही वाहतो. हसरा कोळी ओआहू, मोलोकाई, माउई आणि हवाई या चार बेटांवर, साधारण ३०० ते २,००० मीटर उंचीच्या ओल्या आणि मध्यम ओल्या जंगलांत आढळतो. कवाईवर तो नाही. नव्या बेटावर जंगल उगवले, आणि जुन्या बेटावरून वाऱ्यावर धागा सोडून तरंगत काही मोजके कोळी तिथे उतरले. मोजक्यांबरोबर जनुकांचेही मोजकेच पर्याय गेले. म्हणजे विविधता जवळजवळ शून्यावर आली असणार, आणि तरीही ती नव्या बेटावर, नव्या जनुकीय यंत्रणेतून, पुन्हा उभी राहिली. जी गोष्ट एकदा घडते ती योगायोग म्हणून सोडून देता येते. दोन बेटांवर दोन वाटांनी तीच घडते तेव्हा तिच्यामागे काहीतरी ढकलणारे कारण आहे असे मानणे भाग पडते.

कोळी समुद्र ओलांडतो कसा, असे कुणी विचारील म्हणून एक आठवण देतो. १८८३ साली इंडोनेशियातील क्राकाताऊ या ज्वालामुखी बेटाचा स्फोट झाला आणि बेटावरचे सगळे जीवन राखेखाली संपले. नऊ महिन्यांनी तिथे उतरलेल्या पाहणी करणाऱ्यांना जो एकमेव जिवंत प्राणी आढळला, तो धागा विणत बसलेला एक बारीकसा कोळी होता. हवाई बेटे जवळच्या खंडापासून सुमारे ३,८०० किलोमीटर दूर आहेत. तिथे क्वचितच कुणी पोहोचले, आणि जे पोहोचले त्यांच्यापासून शेकडो नव्या जाती झाल्या.

मग ढकलणारे कारण कोणते? याविषयीचा सर्वांत पटणारा विचार भक्षकाच्या नजरेशी जोडलेला आहे. तांदूळ निवडणाऱ्याला तो लगेच समजेल. काळ्या खड्यांवर एकदा नजर बसली की हात भराभर काळे खडे वेचतो आणि पांढरा खडा नेमका भातात येऊन दाताखाली सापडतो. पानांमागे किडे शोधणारा पक्षी असाच वागतो: जे रूप वारंवार मिळते त्याची प्रतिमा डोळ्यांत ठसते आणि विरळ रूप त्याच्या नजरेतून निसटते. त्यामुळे विरळ असणे हाच फायदा होतो. विरळ रूप वाढत जाते. ते पुरेसे वाढले की तेच सर्वसामान्य होते आणि फायदा दुसऱ्या कुणाकडे जातो. कोणतेही रूप नाहीसे होत नाही आणि कोणतेही सगळे रान बळकावत नाही. ही कल्पना नुसती कागदावरची नाही. अ‍ॅलन बाँड आणि अ‍ॅलन कामिल यांनी १९९८ साली ‘ब्लू जे’ नावाच्या निळ्या पक्ष्यांना संगणकाच्या पडद्यावर कृत्रिम पतंग शोधायला लावले. पक्षी जे टिपतील ते कमी होणार आणि जे सुटतील ते वाढणार, अशी व्यवस्था होती. पक्ष्यांच्या चोचींनीच तिथे पतंगांच्या विविध रूपांचा समतोल घडवून आणला.

हवाईच्या कोळ्याविषयीचा पुरावा आडवळणाचा, पण भक्कम आहे. गिलेस्पी आणि ऑक्सफर्ड यांनी १९९८ साली वेगवेगळ्या ठिकाणच्या कोळ्यांची तुलना केली. ज्यांच्यावर निवडीचा दाब नसतो अशा विकरांच्या (एन्झाइमांच्या) जनुकांमध्ये ठिकाणागणिक बराच फरक होता. दऱ्या आणि लाव्हाचे पट्टे ओलांडून हे कोळी फारसे मिसळत नाहीत, असे त्यावरून दिसत होते. रंगरूपांचे प्रमाण मात्र सगळीकडे आश्चर्यकारकरीत्या सारखे होते. एकमेकांशी संबंध नसलेल्या गावांत सगळ्या गोष्टी वेगळ्या, पण एका वस्तूचा भाव तेवढा सारखा असावा, तर तो भाव सांभाळणारे कुणीतरी आहे हे उघड होते. इथे तो सांभाळ समतोल राखणारी नैसर्गिक निवड करते.

युरोपातील एनोप्लोग्नाथा ओव्हाटा आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा थेरिडियॉन कॅलिफोर्निकम हे याच कुलातले पानाखाली राहणारे कोळी. त्यांच्यातही पिवळे आणि लाल नक्षीचे असे अनेक रूपांचे मिश्रण आहे, आणि युरोपातल्या जातीत साधे रूपच अप्रभावी व साधेच सर्वाधिक. हे साम्य वाचताना मला नेहमी वाटते की पानाची खालची बाजू ही एक स्वतंत्र दुनिया आहे आणि तिचे कायदे समुद्र ओलांडूनही बदलत नाहीत.

त्यामुळे सह्याद्रीबद्दलचा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. थेरिडियॉन ग्रॅलॅटर इथे सापडणार नाही. ती जाती हवाईखेरीज जगात कुठेही नाही. पण तिची चुलत भावंडे आहेत. आंबोली, कोयना, महाबळेश्वर अशा ओल्या जागी, छातीच्या उंचीच्या झुडपांची रुंद पाने खालून पाहिली, तर क्रायसो आणि मिओटिपा या वंशांतले फिकट, पारभासक, लांब पायांचे कोळी दिसतात. काहींच्या पाठीवर काळे-लाल ठिपके असतात. त्यांच्यावर पिढ्यांचा हिशेब ठेवून, संकर करून काम करायला इथे वाव मोठा आहे, आणि एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने हे मनावर घ्यावे अशी माझी फार इच्छा आहे. खर्च भिंग, टॉर्च आणि चाचणीनळ्यांचा. बाकी सगळी चिकाटी.

शोधण्याच्या पद्धतीविषयी एक गोष्ट माझ्या चुकीतून सांगतो. आम्ही कोळी गोळा करताना उलटी छत्री धरून फांदी काठीने झटकतो. जे पडेल ते छत्रीत. बऱ्याच कोळ्यांसाठी ती पद्धत उत्तम आहे. पण पानाखाली राहणाऱ्या या जातींच्या माद्या अंड्यांची पिशवी पानालाच लावून तिच्यापाशी बसतात. हवाईच्या जातीत तर आई पिल्ले निघाल्यावरही त्यांना सोडून जात नाही. ती भक्ष्य पकडते आणि पिल्ले त्यावर जगतात. अशी आई झटकून पाडली की पिशवी वर पानावर राहते, आई खाली छत्रीत येते, आणि निराधार पिशवीचे पुढे काही होत नाही. मी हे सुरुवातीच्या वर्षांत अनेकदा केले आणि ते चूक आहे हे मला पुष्कळ उशिरा कळले. आता मी पान हलवत नाही. पानाखाली लहान आरसा धरतो, किंवा सरळ गुडघ्यांवर बसून उजेडाकडे पाहतो.

या कोळ्याच्या जंगलाविषयी लिहिल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. हवाईत मूळची एकही मुंगी नव्हती. तिथले कोळी आणि कीटक मुंगीशिवायच्या जगात घडले. माणसाबरोबर आलेल्या मोठ्या डोक्याच्या मुंग्या आणि अर्जेंटिनाच्या मुंग्या जिथे शिरल्या तिथे या कोळ्यांची आणि कीटकांची धूळधाण झाली. बाहेरून आलेल्या गांधीलमाश्या पानापानांवर शिकार करतात. रानडुकरे जंगलाची जमीन उकरतात. २०१४ साली ओळखल्या गेलेल्या एका बुरशीच्या रोगाने ओहिआ ही तिथल्या जंगलाचा कणा असलेली झाडे मोठ्या प्रमाणावर मरत आहेत. आणि ज्या पक्ष्यांच्या नजरेने हे रंगरूपांचे वैभव राखले असे आपण मानतो, तेच पक्षी जात आहेत. हवाईत डास नव्हते. ते १८२६ च्या सुमारास जहाजातल्या पाण्यातून आले, पुढे पक्ष्यांचा मलेरिया आला, आणि हनीक्रीपर गटातले अनेक पक्षी नामशेष झाले. उरलेले उंच, थंड, डास न पोहोचणाऱ्या पट्ट्यात टिकून आहेत. त्यांच्या जागी जे आले त्यांत एक आपल्या ओळखीच्या घरातला आहे: १९२९ साली ओआहूवर सोडलेला जपानी चष्मेवाला, आपल्या बागांत झुंडीने फिरणाऱ्या चष्मेवाल्याचा भाऊबंद. तोही पाने उलटून पाहत कोळी टिपतो. तांदूळ निवडणारे हात बदलले आहेत, आणि सुपात पुढे कोणते खडे उरतात हे येत्या काही दशकांतल्या मोजणीतून दिसेल.

सोनटक्क्याचा प्रश्न यातच गुंतलेला आहे. जंगलांची देखभाल करणारे लोक सोनटक्का आणि हिमालयातून आलेला त्याचाच पिवळा भाऊ, ज्याला तिथे काहिली म्हणतात, दोन्ही उपटून काढतात, कारण त्यांच्या दाटीखाली स्थानिक रोप उगवतच नाही. त्या पानांवर आज कोळी सुखाने राहत असला, तरी उपटणे योग्यच आहे असे मला वाटते. कोळ्याला रुंद गुळगुळीत पान मिळाले, पण ज्या जंगलातल्या माश्यांवर तो जगतो ते जंगलच सोनटक्का गिळत असेल, तर त्या पानाचा आसरा फार दिवसांचा नव्हे. आपल्या परसातला सोनटक्का मात्र बिनदिक्कत राहू द्यावा.

कन्या पुन्हा त्या वाटेने जाणार असेल, तर जंगलात शिरण्यापूर्वी आणि बाहेर पडल्यावर तिने बुटांचे तळ घासून स्वच्छ करावेत. ओहिआचा रोग चिखलातूनही पसरतो, आणि वाटेच्या तोंडाशी त्यासाठी ब्रश ठेवलेले असतात. कोळी दिसला की पान तोडू किंवा उलटू नये, स्वतःच वाकावे. कोळ्याचे एक छायाचित्र वरून आणि एक बाजूने घ्यावे, आणि एकात पानाच्या शिरा व कड स्पष्ट येऊ द्यावी, म्हणजे झाड ओळखता येईल. शेजारची दहा-बारा पानेही पाहावीत, आणि दिसलेल्या प्रत्येक कोळ्यापुढे रूप लिहावे, पिवळ्यांचेसुद्धा. मला पाठवायची असेल, तर चेहऱ्याच्या छायाचित्रापेक्षा ती यादीच पाठवावी.